फ्रीटाउनमध्ये बसून दोनशे बोली: कोएलेवर किती भरवसा ठेवावा?

भाषाविज्ञानात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला सेमिनारसाठी 'पॉलिग्लोटा आफ्रिकाना' हा विषय मिळाला आहे. तिचे प्रश्न थोडक्यात असे: झिगिस्मुंड कोएले हा जर्मन मिशनरी आफ्रिकेच्या आतल्या भागात फारसा फिरलाच नाही. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला बसून त्याने दोनशे भाषा-बोलींचे शब्द उतरवून घेतले, त्यातही 'स' आणि 'झ' यांची गल्लत केली. मग १८५४ सालच्या या पुस्तकाचा हवाला आजही का देतात? त्यातलं वर्गीकरण खरं मानायचं का? आफ्रिकी भाषांच्या वर्गीकरणाचा पाया कोएलेने घातला की त्याच काळातल्या ब्लीक या भाषाशास्त्रज्ञाने? आणि शेवटी, या माणसाच्या नावाचा उच्चार काय?

मी आफ्रिकेत काम केलेलं नाही, हे आधीच सांगतो. माझी उमेदीची वर्षं मेळघाटात कोरकू आणि जळगाव जामोदकडे निहाली बोलणाऱ्यांकडून शब्दयाद्या भरून घेण्यात गेली. कोएलेचं पुस्तक मी वाचतो ते त्याच धंद्यातल्या माणसाच्या नजरेने, म्हणजे यादी कशी भरली असेल आणि कुठे फसली असेल हे बघत.

तो आत गेला नाही हा आक्षेप फ्रीटाउन काय होतं हे कळलं की बराचसा गळून पडतो. ब्रिटिशांनी १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि त्यांच्या आरमाराने अटलांटिकमध्ये गुलामांची जहाजं अडवायला सुरुवात केली. अडवलेलं जहाज फ्रीटाउनला आणायचं, खटला चालवायचा आणि माणसांना तिथेच मोकळं करायचं, असा शिरस्ता होता. पुढच्या अर्धशतकात अशी जवळपास लाखभर माणसं तिथे उतरली. ती एका मुलखातली नव्हती. सेनेगलपासून काँगोपर्यंतची तर होतीच, पार मोझांबिककडचीही होती. ज्या भाषा ऐकायला एका माणसाला दहा जन्म पुरले नसते, त्या बोलणारी माणसं एका बंदराच्या आसपासच्या गावांत शेती करत होती, सुतारकाम करत होती, बाजारात बसत होती. कोएले तिथे १८४७ च्या अखेरीस पोचला आणि १८५३ पर्यंत राहिला. फोराह बे कॉलेजात तो शिकवायचा. ते १८२७ साली निघालेलं, आणि त्याचा पहिला विद्यार्थी सॅम्युएल क्राउदर हा स्वतःच लहानपणी पळवला गेलेला, जहाजावरून सोडवलेला योरुबा मुलगा. त्या क्राउदरने १८४३ साली योरुबाचा शब्दसंग्रह छापला होता. तेव्हा फ्रीटाउनमध्ये भाषेचं काम कोएले येण्याआधीपासून चाललेलं होतं आणि ते करणारे सगळे गोरे नव्हते, हे सेमिनारात जरूर सांगा.

कोएले मूळचा वुर्टेम्बर्गमधल्या क्लेब्रॉन गावचा, बासेल मिशनच्या शाळेत तयार झालेला. कोकणातल्या घरांवरची मंगलोरी कौलं ज्या बासेल मिशनच्या कारखान्यामुळे नावारूपाला आली, तेच हे मिशन. मल्याळमचा कोश करणारे गुंडर्ट आणि कन्नडचा कोश करणारे किटेल याच मिशनमधले. आणि अम्हारिकचा कोश आणि व्याकरण करून पुढची वीस वर्षं मुंबईत काढणारा इझेनबर्ग हाही बासेललाच शिकलेला. या लोकांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यात आडपडदा नाही. पण परकी भाषा आधी नीट शिकायची, मग तोंड उघडायचं, अशी शिस्त त्यांना लागलेली असायची.

शब्द गोळा करणारा कोएले पहिला नव्हे. ओल्डेनडॉर्पने कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांकडून घेतलेले आफ्रिकी शब्द १७७७ सालीच छापले होते. फ्रीटाउनमध्येच हॅना किलहॅम या क्वेकर बाईंनी तीसेक भाषांचे नमुने १८२८ साली काढले. जॉन क्लार्क नावाच्या मिशनऱ्याचा संग्रह १८४८ चा. मग कोएलेचं वेगळेपण कशात? त्याने सगळ्यांना तीच यादी विचारली, ती सगळी एकाच कानाने ऐकली आणि एकाच लिपीत उतरवली. सुमारे २८० शब्द आणि छोटी वाक्यं, दोनशेच्या आसपास भाषा-बोली. आजच्या हिशेबाने त्या सुमारे १२० स्वतंत्र भाषा भरतात, कारण त्याने वेगळ्या धरलेल्या काही बोली एकाच भाषेच्या निघाल्या. एकाच प्रश्नपत्रिकेची किंमत बाहेरून कळत नाही. दोन माणसांनी दोन गावांत दोन वेगळ्या याद्या भरल्या की त्या कपाटात शेजारी ठेवता येतात, एकमेकींशी ताडता येत नाहीत. पुढे आपल्याकडे भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने भारतभर बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट भाषांतरित करून घेतली, ती याच कारणासाठी.

यादी भरणं म्हणजे काय ते एका प्रसंगावरून सांगतो. मेळघाटात एका आजोबांसमोर बसलो होतो. क्रियापदांकडे वळलो आणि विचारलं, "बाबा, 'मी जातो' हे तुमच्या बोलीत कसं म्हणता?" त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, मी लिहून घेतलं. "मी येतो", "मी बसतो" अशी पंधरा-वीस वाक्यं झाली. संध्याकाळी त्यांच्या नातवाला वही वाचून दाखवली तर तो हसायला लागला. आजोबांनी मला सगळीकडे "तू जातोस", "तू येतोस" सांगितलं होतं. त्यांच्या बाजूने बरोबरच होतं. जाणारा मी होतो ना! कोएलेच्या यादीतही क्रियापदं अशीच 'मी जातो', 'मी येतो' या वळणाने विचारलेली आहेत. त्यामुळे ती पानं मी जरा दबकतच वाचतो. हात, डोळा, पाणी, आग, कुत्रा असल्या शब्दांत घोटाळा व्हायला जागा कमी, सर्वनाम आणि काळ आले की जास्त. तुम्ही उदाहरणं घेणार असाल तर नामं आणि संख्या घ्या, क्रियापदं दुसरीकडून पडताळल्याशिवाय घेऊ नका.

आता 'स'-'झ'चं. आरोप खरा आहे. त्याने 'स' आणि 'झ', तसंच 'च' आणि 'ज' पुन्हा पुन्हा एकमेकांच्या जागी लिहिले आहेत. कारण मला तरी त्याच्या गावात दिसतं. दक्षिण जर्मनीतल्या बोलींत घोष 'झ' जवळपास नाहीच, सगळा 'स'. जो भेद आपल्या मायबोलीत नाही तो कानाला लागत नाही. आपल्याकडचं उलटं उदाहरण घ्या: 'चार' आणि 'चाक' यांतले दोन 'च' मराठी मुलालाही वेगळे कळतात, पण हिंदी भाषिक पाहुणा वर्षभर पुण्यात राहून 'चाक'चा उच्चार 'चार'सारखाच करतो. लिहून घ्यायला बसला तर तो दोन्हींना एकच अक्षर देईल. महत्त्वाचं हे की कोएलेची चूक सरसकट आहे, सगळ्या भाषांत सारखी. सरसकट चूक पुसता येते. मापाची पट्टीच एक सूत आखूड असली तर प्रत्येक माप एका सुताने वाढवून घ्यायचं, झालं. दर खेपेला वेगळी चूक करणारा माणूस मात्र कामाचा नाही. स्वराघाताच्या, म्हणजे सुरांच्या खुणांबद्दल मी त्याच्यावर विसंबणार नाही, हेही सांगून ठेवतो.

वर्गीकरणाकडे येऊ. त्याची रीत कळायला आजच्या भाषांतला एकच शब्द, 'तीन', समोर ठेवा. पश्चिम आफ्रिकेतल्या फुला भाषेत 'तती', स्वाहिलीत 'तातू', झुलूत 'थाथू', योरुबात 'एता', इग्बोत 'आतो'. सेनेगलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत 'त' पिच्छा सोडत नाही. हौसात मात्र 'उकू', आणि मांडिंकात 'साबा'. एका शब्दावरून घराणं ठरत नाही, पण कुठे खणायचं ते कळतं. आणि लगेच सापळाही बघा. मांडिंकात 'साबा' म्हणजे तीन, स्वाहिलीत 'साबा' म्हणजे सात. दोघांचा काडीचा संबंध नाही, कारण स्वाहिलीने सहा, सात आणि नऊ हे आकडे अरबीतून उचललेले आहेत. आमच्या निहालीचंही तसंच. दोन, तीन, चारचे शब्द द्राविडी वळणाचे, पाच आपल्यासारखा. नुसत्या आकड्यांवर विसंबला असतात तर निहालीला द्राविडी घरात ढकलून मोकळे झाला असतात; प्रत्यक्षात ती कुठल्याच ज्ञात घराण्यात बसत नाही. आकडे बाजारातून येतात. म्हणून यादी दहा शब्दांची नको, अडीचशे-तीनशेची हवी.

कोएलेने अशा साम्यांवरून गट पाडले आणि बहुतेकांना नावं दिली ती भूगोलावरून: वायव्य अटलांटिक, नायजर नदीचा त्रिभुज प्रदेश, मध्य आफ्रिका वगैरे. त्यातला वायव्य अटलांटिक गट आजच्या अटलांटिक शाखेशी, 'मांडेंगा' गट आजच्या मांदे भाषांशी (मांडिंका त्यातलीच) बराच जुळतो. दीडशेहून जास्त वर्षांनी एवढं टिकणं ही साधी गोष्ट नाही. शिवाय त्याने एक निरीक्षण नोंदवलं, जे मला सगळ्यात तीक्ष्ण वाटतं. पश्चिम टोकाच्या या अटलांटिक भाषांत आणि दूर दक्षिणेकडच्या भाषांत नामाचा बदल शब्दाच्या सुरुवातीला होतो, शेपटाला नव्हे. आपण घोडा-घोडे करतो, ते मागून. तिकडे एकवचन-अनेकवचन पुढून. स्वाहिलीत 'मतु' म्हणजे माणूस, 'वातु' म्हणजे माणसं. ही खोड भाषेत इतकी मुरलेली असते की अरबी 'किताब' स्वाहिलीत गेला, 'किताबू' झाला, आणि 'कि' हा प्रत्ययच आहे असं समजून लोकांनी त्याचं अनेकवचन 'विताबू' करून टाकलं! आपण 'ती बस', 'तो ट्रक', 'ते तिकीट' म्हणून इंग्रजी शब्दांना लिंगं वाटतो, त्यातलाच प्रकार. हजारो कोसांवरच्या दोन भाषागटांत ही एकच खोड दिसणं म्हणजे आज ज्याला नायजर-काँगो म्हणतात त्या महाकुटुंबाचा माग. कोएलेने तसं कुटुंब जाहीर केलं नाही, पण माग दाखवून ठेवला.

आणि जे त्याला कळलं नाही ते त्याने रेटून बसवलं नाही. पुस्तकाच्या शेवटी 'अवर्गीकृत आणि एकाकी' भाषांचा वेगळा गट आहे. हौसा, वोलोफ, फुला त्यात आहेत. विद्यार्थी याला उणीव म्हणतात. माझ्या मते पुस्तकातली ती सगळ्यात प्रामाणिक पानं आहेत, आणि यातल्या फुलाचं पुढे काय झालं ते बघितलं की पटेल.

त्याआधी ब्लीक. व्हिल्हेल्म ब्लीक हा पेशाने भाषाशास्त्रज्ञ. आफ्रिकी भाषांतल्या नामवर्गांवर, म्हणजे उपसर्गावरून पडणाऱ्या नामांच्या गटांवर, बॉनला १८५१ साली डॉक्टरेट, पुढे केप टाउनला ग्रंथपाल. दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांचं त्याचं तौलनिक व्याकरण १८६२ आणि १८६९ अशा दोन भागांत आलं. 'बांतू' हे नाव शास्त्रात रुळलं ते त्याच्यामुळे: 'न्तु' म्हणजे माणूस, पुढे 'बा' लावला की माणसं. ब्लीकने नामवर्गांना क्रमांक देऊन भाषा ताडायची जी पद्धत पाडली ती बांतू अभ्यासक थोड्याफार फरकाने अजून वापरतात. त्यामुळे जनक कोण या प्रश्नाला माझं उत्तर असं, की हा प्रश्नच सोडून द्या. कोएलेने रुंदी दिली, ब्लीकने एका कुटुंबात खोली दिली. तसा ब्लीकही पकडून आणलेल्या माणसांसमोरच बसला होता. १८७० पासून केप टाउनच्या ब्रेकवॉटर तुरुंगातल्या, खाम ही तिथली भाषा बोलणाऱ्या कैद्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेऊन त्याने आणि त्याची मेहुणी ल्युसी लॉइड हिने बारा हजारांवर पानं लिहून काढली. ब्लीक १८७५ साली वारला, पुढचं काम लॉइडबाईंनी ओढलं. ती भाषा आता बोलणारं कुणी नाही.

पण ब्लीकने एक दारही किलकिलं केलं, ते नको होतं. लिंगभेद असलेल्या भाषा आणि उपसर्गांनी वर्ग पाडणाऱ्या भाषा, असा भेद करताना तो त्यांच्या भाषकांच्या बुद्धीच्या झेपेवरही बोलायला लागला. कार्ल माइनहोफ हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ त्या दारातून पार आत गेला. १९१२ साली त्याने 'हामी' भाषांवर पुस्तक काढलं आणि फुला त्यात घातली. फुलाचं व्याकरण स्पष्टपणे पश्चिमेकडच्या भाषांसारखं, पण फुलानी लोक गुरं राखणारे आणि वर्णाने उजळ, म्हणून ते वरच्या वंशाचे, म्हणून भाषाही वेगळी, असा तर्क. भाषेच्या तक्त्यात कातडीचा रंग आणि गोठ्यातली जनावरं शिरली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्गने १९५० च्या आसपास आणि मग १९६३ च्या पुस्तकात हे सगळं मोडून काढलं: फक्त शब्द आणि प्रत्यय बघायचे, माणसाचा रंग नाही. फुला अटलांटिक शाखेत परतली. हौसा अरबी-हिब्रूच्या दूरच्या नात्यात, आफ्रो-आशियाई कुटुंबात गेली. ग्रीनबर्गचंही सगळं टिकलेलं नाही. दक्षिणेकडच्या 'क्लिक' ध्वनींच्या भाषांचं त्याचं 'खोइसान' घराणं आता बहुतेक जण तीन स्वतंत्र कुटुंबं आणि दोन सुट्या भाषा असं मोडतात, आणि मांदे भाषा नायजर-काँगोत खरंच बसतात का याबद्दल कुरबुर चालू आहे. 'साबा'वाल्या मांडिंकाचा तो गट कोएलेने वेगळा मांडला होता, एवढं लक्षात ठेवा.

माझ्यापुरतं विचाराल तर तक्ते ही या पुस्तकातली दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट. पहिली म्हणजे प्रस्तावना. ती बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. कोएले तिथे एकेका माणसाची ओळख देतो. नाव, आफ्रिकेतलं गाव, ते समुद्रापासून किंवा शेजारच्या मुलखापासून किती दिवसांच्या चालीवर, पकडलं तेव्हा वय काय, कसं पकडलं, फ्रीटाउनला येऊन किती वर्षं झाली, आणि तीच भाषा बोलणारे आणखी किती जण वसाहतीत आहेत. काही ठिकाणी चार-पाच, काही ठिकाणी कुणीच नाही. या चालीच्या दिवसांवरून पेटरमान या नकाशाकाराने पुस्तकासाठी नकाशा काढला. युरोपियनांनी न पाहिलेली गावं त्यात या सुतार-शेतकऱ्यांच्या आठवणीवरून बसवलेली आहेत.

पी. ई. एच. हेअर या इतिहासकारांनी १९६५ साली या ओळखी मोजून काढल्या. १७९ माणसं, बहुतेक सगळे पुरुष. तीन चतुर्थांश जणांना घर सोडून दहा वर्षं उलटून गेलेली, निम्म्यांना वीस. गुलामीत कसे पडले, तर साधारण एक तृतीयांश लढाईत सापडलेले, जवळपास तेवढेच पळवलेले, बाकीचे कर्जापायी, शिक्षा म्हणून किंवा नातेवाइकांनी, वरच्या माणसांनी विकलेले. गुलामांच्या व्यापाराचा इतिहास लिहिणारे हे पुस्तक उघडतात ते या प्रस्तावनेसाठी. गुलामांच्या हिशेबवह्यांत माणसं नगावर मोजलेली असतात. इथे ती नाव-गावासकट आहेत. आणि भाषेच्या माणसाला यातून थेट सूचना मिळते: वीस वर्षं जी भाषा रोजच्या तोंडात नाही तिच्यातला शब्द सांगणारा अडखळणार, शेजारच्या बोलीचा शब्द मध्येच घालणार. एखादी नोंद विचित्र वाटली तर आधी प्रस्तावनेत तो माणूस काढा, त्याची वर्षं बघा. हे ताडून बघायची सोय कोएलेने स्वतः करून दिली, म्हणून मी त्याच्यावर भरवसा ठेवतो. नाशिकच्या शरणपूरलाही सोडवून आणलेली आफ्रिकी मुलं ठेवली होती. आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंगस्टन या मिशनरी-प्रवाशाच्या शवाबरोबर इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट तिथेच शिकलेला. त्यांच्या मूळ बोलींची अशी वही मी तरी पाहिलेली नाही.

प्रस्तावनेतलीच आणखी एक गोष्ट तुमच्या सेमिनारला उपयोगी पडेल. फ्रीटाउनमध्ये ज्यांना 'इग्बो' म्हणत त्यांच्यापैकी काहींशी कोएले बोलला, तेव्हा त्याला कळलं की सिएरा लिओनला येईपर्यंत त्यांनी हे नावच ऐकलेलं नव्हतं. त्यांना ठाऊक होती ती आपापल्या मुलखांची नावं. 'योरुबा' हे नाव सगळ्यांना सरसकट लावायलाही त्याचा विरोध होता. त्याच्या मते ते एकाच भागाचं नाव. तो 'आकू' लिहितो, कारण फ्रीटाउनमध्ये या लोकांना त्यांच्या नमस्काराच्या शब्दावरून 'आकू' म्हणत. तेव्हा तक्त्यातलं भाषेचं नाव आजच्या नावाशी डोळे झाकून जुळवू नका. १९६३ साली ग्राझला निघालेल्या पुनर्मुद्रणाला हेअरची ऐतिहासिक प्रस्तावना आणि डेव्हिड डॅल्बीची शब्दसूची जोडलेली आहे, तीच प्रत मिळवा.

कोएलेला या पुस्तकासाठी १८५६ साली फ्रान्सचं व्होल्नी पारितोषिक (भाषाशास्त्रासाठीचं) मिळालं. त्याचं कानुरीचं व्याकरण आणि कानुरी गोष्टींचा संग्रहही १८५४ चाच. त्यातला मोठा भाग अली एइसामी नावाच्या बोर्नूच्या माणसाने सांगितलेला आहे. धर्मशास्त्र जाणणाऱ्या बापाचा मुलगा, लढायांच्या धामधुमीत पकडला गेला, हात बदलत ओयो या योरुबा राज्यात पोचला, आणि तिथून गोऱ्यांना विकला गेला. वाटेत जहाज पकडलं गेलं म्हणून १८१८ साली फ्रीटाउनला उतरला. त्याची आत्मकथा त्या संग्रहात कानुरीत आणि इंग्रजीत आहे. वेळ मिळाला तर ती वाचाच. वर्गीकरणाशी तिचा संबंध नसला तरी चालेल.

राहिला उच्चार. मूळ आडनावात जर्मन 'ओ'वर दोन टिंबं आहेत. ओठ 'ओ'चे करून 'ए' म्हणायचा प्रयत्न करा, तो आवाज निघेल. मराठीत मी 'कोएले' लिहितो, 'क्योले' लिहिलंत तरी कुणी अडवणार नाही. फक्त छापायला देण्याआधी मुद्रितं स्वतः तपासा. माझ्या एका लेखात टंकलेखकाने त्याचं सगळीकडे 'कोल्हे' केलं होतं, आणि अंक निघाल्यावर जळगावच्या एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं, हे कोल्हे कुठले?